चार बोटांचा थर

आमच्या दारापासून फाटकापर्यंत चाळीस फूट. फाटकाच्या जरा अलीकडं, डाव्या हाताला संडास. चांगला बांधलेला, पत्र्याचं दार, आत खुर्चीसारखं भांडं, भिंतीला धरायला लोखंडी दांडा. सगळं होतं, फक्त तिथवर जायला वाट नव्हती.

ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला त्याला दोन वर्षं झाली. साखरेनं गेला. चाकाची खुर्ची मिळाली, घरातल्या फरशीवर ती छान फिरते. पण अंगणात काळी माती. वाळली की भेगा, भिजली की चिखल. चाक भेगेत तरी अडकायचं नाहीतर चिखलात तरी रुतायचं. म्हणून मी एका बाजूनं आणि शेजारचा टेम्पोवाला दुसऱ्या बाजूनं, अशी ह्यांच्यासकट खुर्ची उचलून न्यायची. टेम्पोवाला भला माणूस, कधी नाही म्हणाला नाही. पण सकाळी त्याला गाडी काढायची घाई. कुंपणापलीकडून हॉर्न वाजवून विचारायचा, "काका, झालं का?" आणि इकडं संडासाचं दार अर्धं उघडं ठेवून मी पाठ करून उभी. आत पडले तर कळायला नको का, म्हणून कडी लावायची नाही असं मीच ठरवलं होतं.

आता ज्या माणसानं तीस वर्षं रोड रोलर चालवला, ज्याच्या मागं मोटारींच्या रांगा मुकाट उभ्या राहायच्या, त्याला सकाळी सकाळी हॉर्न ऐकावा लागायचा. ह्यांनी संध्याकाळनंतर पाणी प्यायचं सोडलं. मला ते महिन्याभरानं कळलं, आणि कळलं तेव्हा मी चुलीशी बसून रडले. खोटं कशाला सांगू.

मग धाकटे भाऊजी आले. भाऊजी गवंडीकाम करतात आणि सगळे त्यांना 'चालतंय' म्हणतात. भिंत ओळंब्यात नसली तरी चालतंय, दार चौकटीला घासलं तरी चालतंय. हात चांगला आहे, पण बूड जागेवर नाही. म्हणाले, "वहिनी, एका दिवसात वाट करून देतो, पेव्हर ब्लॉकची. दादा पळत जाईल."

आणि केली की एका दिवसात. साडेतीन फूट रुंद पट्टा फूटभर खोदला, मुरमाची गाडी एकदम त्यात रिकामी केली, वरून फावड्याच्या पाठीनं थापटलं, बूट घालून त्यावर दोन फेऱ्या नाचले, दगडाची बारीक कच पसरून ब्लॉक लावले. लाल आणि करडे, एकाआड एक. दिसायला अशी देखणी की टेम्पोवाल्याच्या बायकोनं फोटो काढला. हे आठ दिवस एकटे गेले-आले, कडी मात्र मी अजून लावू देत नव्हते. मी आठ दिवस खुशीत होते.

नवव्या दिवशी अवेळी पाऊस लागला, रात्रभर. सकाळी हे निघाले. अर्ध्या वाटेवर चाकाखालचे ब्लॉक बसले, खुर्ची कलंडली. मी ओटा पुसत होते. आवाज आला म्हणून धावले तर हे तोंडावर पडलेले, एक हात खुर्चीखाली, आणि ज्यासाठी निघाले होते ते तिथंच झालेलं. कुंपणावरून चार डोकी बघत होती. टेम्पोवाला उडी मारून आला. ह्यांनी मान वर केली नाही. मी बादल्या आणून तिथंच अंगावर ओतल्या, दुसरं काय करणार.

त्याच संध्याकाळी आमच्या लेकीचा फोन. तिला कुणी सांगितलं देव जाणे. लेक शहरात असते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, संडास खोलीला लागून आहे. मुलगी वाईट नाही हो, काळजीनंच बोलते. म्हणाली, "आई, बस झालं आता. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. सामान बांधून ठेव. घराला कुलूप."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं बघत होते. म्हणाले, "जाऊ या. तुझ्या तरी कमरेला आराम."

ह्या माणसाचा दिवस म्हणजे फाटक. तिथं बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, डांबर कुठं उखडलंय त्यावर कंत्राटदाराचा उद्धार करायचा. तिसऱ्या मजल्यावर कुणाचा उद्धार करणार? मी म्हटलं, "पंधरा दिवस आहेत ना? मग बघू." आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार घेऊन ब्लॉक उकरायला लागले.

दुपारी भाऊजी आले. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं. दाबायचं मशीन भाड्यानं आणून पुन्हा करतो. पण सगळी मशीन मोठ्या कामावर गेलीत. दोन महिन्यांनी मिळेल म्हणतात."

"दोन महिन्यांनी इथं कुलूप असेल भाऊजी. धुम्मस आहे का तुमच्याकडं?"

धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याला खाली लोखंडाचा चौकोनी ठोकळा. आठ किलोची तरी असेल. उचलायची, सोडायची, जमीन चोपायची. भाऊजी म्हणाले, "आहे. पण ती तुम्हाला उचलायची नाही."

"तुम्ही आणा तर. उचलते का नाही ते मी बघते."

ब्लॉक निघाले, कच निघाली, खालचा मुरूम उघडा पडला. मी पहार मारली तर वर चार बोटं घट्ट आणि त्याखाली सगळं भुसभुशीत. पहार हातभर आत गेली. हे दाराशी खुर्चीत बसले होते. पडल्यापासून पाच-सहा शब्दांवर बोलणं नव्हतं. पण ती पहार जाताना बघितली आणि ह्यांचं तोंड उघडलं. "गाढवा," भावाला म्हणाले, "फूटभर माल एकदम ओततात का? अरे, दहा टनांचा रोलर खाली पोचत नाही तिथं तुझे बूट पोचणार? चार बोटांचा थर टाकायचा. तो दाबायचा. मग दुसरा. मग तिसरा."

"मला वाटलं चालतंय," भाऊजी म्हणाले.

"चालतंय, चालतंय. तोंडावर कोण पडलं?"

तीन दिवस आम्ही दोघं सगळा मुरूम उपसत होतो. भाऊजींनी पहिल्यांदाच एक काम सोडून दुसरीकडं धाव घेतली नाही. खालची काळी मातीही त्यांनी चार बोटं खरवडून काढली. बाजूला ढीग रचले. मग मी धुम्मस हातात घेतली. पहिल्या पाच ठोक्यांत खांद्यातून कळ निघाली, दहाव्याला श्वास वर. पण उचलली गेली. खालची माती चोपून झाली आणि पहिला थर पसरला. मी झारी भरून आणली आणि मुरमावर पाणी धरणार, तेवढ्यात हे दारातून कडाडले. "अगं, पाणी कशाला घालतेस? पाण्यानंच वाटोळं केलं ना? कोरडाच चोप."

"कोरडा मुरूम बसत नाही."

"मला शिकवतेस? तीस वर्षं रोलर चालवला मी. एकदा तरी खाली उतरून पाणी घातलं का?"

आता हसावं की रडावं. आमचं लग्न जमलं तेच मुळी रस्त्याच्या कामावर. टँकर पुढं, त्याच्या मागं आम्ही सहा बायका, हातात झाऱ्या, आणि आमच्या मागून ह्यांचा रोलर. टँकरचं पाणी कडेला पोचायचं नाही, ते आम्ही झारीनं द्यायचो. बारा वर्षं मी त्या रोलरच्या पुढं चालले, लग्नानंतरसुद्धा. मुकादम ओरडायचा, कमी झालं, जास्त झालं. रोलरवाल्यावर कोण ओरडणार? तो वर बसलेला. आणि वर बसलेल्याला पुढचा ड्रम आडवा येतो, ड्रमच्या नाकासमोरची जमीन त्याला दिसतच नाही. ह्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटायचं की रस्ता नुसत्या वजनानं होतो.

मी म्हटलं, "तुमच्या रोलरपुढं बारा वर्षं कोण होतं?"

"तू होतीस. म्हणून तर बघितलं तुला."

"मला बघितलंत, झारी नाही बघितलीत."

भाऊजी तोंड फिरवून हसले. हे मात्र चिडले. वहिनी-दिरानं मिळून आपली मजा मांडली असं त्यांना वाटलं असणार. म्हणाले, "ठीक आहे. कर तुझ्या मनासारखं, आणि पुन्हा घाल मला तोंडावर." हे बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. मी झारी खाली ठेवली. भांडत बसले असते तर दिवस गेला असता, आणि दिवसच तर नव्हते. म्हटलं, "असं करू. फाटकाच्या बाजूचे तीन फूट तुमच्या म्हणण्याप्रमाणं कोरडे. त्याच्या शेजारचे तीन फूट माझे. दोन्हीला सारखे ठोके. उद्या तुम्हीच सळई मारून बघा."

दोन्हींवर मोजून शंभर शंभर ठोके टाकले. कोरड्यावर धुम्मस पडली की फस्स आवाज आणि धूळ डोळ्यांत. माझ्या तुकड्यात मी आधी पाणी शिंपडलं, मुरूम फावड्यानं खालीवर केला, मूठभर उचलून दाबला. हाताला पाणी लागलं तर जास्त झालं. मूठ उघडल्यावर विखुरला तर कमी झालं. गोळा राहिला, आणि टाकल्यावर त्याचे दोनच तुकडे झाले, म्हणजे बरोबर. हे हाताला अजून माहीत होतं. वीस वर्षांनी झारी धरली तरी हात विसरले नव्हते, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की खांद्याची कळ थोडा वेळ पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आणि टेम्पोवाल्यानं ह्यांना उचलून तिथं नेलं. ह्यांनी बोटाएवढी जाड सळई घेतली. कोरड्या तुकड्यात दोन्ही हातांनी जोर दिला. सळई चारही बोटं सरळ खाली गेली. मग माझ्या तुकड्यात. नखाएवढी गेली आणि थांबली. पुन्हा जोर दिला, खुर्ची मागं सरकली, सळई नाही सरकली. ह्यांनी सळईनं टकटक करून बघितलं. मग कोरड्या तुकड्यावर केलं. दोन्ही आवाज नीट ऐकले.

"तीस वर्षं," हे म्हणाले, "मी उगाच मिरवलो."

"उगाच कसं? वजन तुमचंच होतं."

"घाल पाणी," हे म्हणाले. आणि भावाला म्हणाले, "बघतोस काय, तिची झारी भर."

त्या दिवसापासून कामाला तोंड फुटलं. हे खुर्ची दारात लावून बसायचे आणि नुसतं ऐकायचे. मधोमध चोपायला लागले तर लगेच ओरडायचे, "कडेकडून ये. आधी दोन्ही कडा, मग मध्ये. मध्ये आधी दाबलंस तर माल कडेला पळतो." हे मला ठाऊक नव्हतं. रोलर कडेनं का निघतो ते मी बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "एक ठोका पडला की दुसरा अर्धा त्याच्यावर टाक, अर्धा पुढं." तसं केलं तर पृष्ठभाग एकसारखा दिसायला लागला. मी दोन पावलं पुढं गेले की आवाज बदलायचा. आधी धप्प धप्प, मग हळूहळू ठक ठक. "अजून नाही," हे डोळे मिटून म्हणायचे. "अजून नाही. अजून दोन. हां, आता पुढं."

हाताला फोड आले, फुटले, फडकी बांधली. ऊन असं की दांडा घामानं निसटायचा. भाऊजी आणि मी आलटूनपालटून धुम्मस घ्यायचो. ते एकदा कंटाळून म्हणाले, "वहिनी, हा कोपरा राहू दे, तिथं चाक जाणार पण नाही. चाल..." आणि पुढचं गिळलं. मग त्यांनीच जाऊन तो कोपरा चोपला, साठ ठोके, मोजून.

चार बोटांचा थर दाबून तीन बोटं व्हायचा. पहिला थर झाला, दुसरा झाला. दुसऱ्याच्या वेळी एक जागा ठोका पडला की गादीसारखी हलायची. कितीही चोपा, हलतेच. मी घाबरले. हे म्हणाले, "पाणी जास्त झालं तिथं." मी मूठ दाबून बघितली, खरंच हाताला पाणी. झारी भाऊजींनी भरली होती आणि तिथंच टेकवून ठेवली होती, ती गळत होती. तेवढा मुरूम उकरून पसरला, उन्हात एक दुपार वाळू दिला, पुन्हा भरला. एक दिवस गेला. लेकीचा फोन आला, "सामान बांधलंस का?" मी म्हटलं, "हात मोकळे नाहीत गं." ते काही खोटं नव्हतं.

शुक्रवारी शेवटचा थर झाला. हे म्हणाले, "मला खाली उतरवा." भाऊजींनी गोणपाट घडी करून ठेवलं आणि ह्यांना त्यावर बसवलं. दोन्ही कडांना दोऱ्या बांधल्या, फाटकापर्यंत. पाणसळ लावून डावी कड एक बोट खाली घेतली, पाणी त्या बाजूनं उतरावं म्हणून. मग दोन बोटं कच पसरली, पट्टीनं ओढून घेतली, आणि ती मात्र चोपायची नाही. मग हे ब्लॉक लावायला लागले. बुडावर बसून, रांगेरांगेनं, लावलेल्या ब्लॉकवरूनच पुढं सरकत. मी ब्लॉक घासून द्यायची, भाऊजी आणून ठेवायचे. लाल, करडा, लाल. रबरी हातोडीनं ठोकायचे, दोरीला डोळा लावून बघायचे. तोडलेल्या पायाचं टोक मांडीखाली घेतलेलं, कपाळावर घाम, दाढी वाढलेली. दोन वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाचे हात मळलेले दिसले. मी घासता घासता थांबले तर म्हणाले, "बघतेस काय? ब्लॉक दे."

"रोलरवरून बघायचात तेव्हा मी नाही विचारलं, बघता काय."

"विचारायला हवं होतंस. लग्न टळलं असतं," हे म्हणाले, आणि मी ब्लॉक त्यांच्या बोटांवरच ठेवला असता.

शनिवारी दुपारी शेवटची रांग फाटकाला टेकली. सांध्यांत बारीक वाळू झाडून घातली, वर फळी ठेवून फळीवर धुम्मस टाकत गेलो, पुन्हा वाळू. आता परीक्षा. पाऊस काही आपल्या सांगण्यानं येत नाही. म्हणून भाऊजींनी नळाला पाइप लावला आणि पाणी सोडलं, दुपारपासून अंधार पडेपर्यंत. पाणी डाव्या कडेनं ओघळून गेलं. मग भाऊजींनी आपली मोटारसायकल काढली, मागं वाळूची दोन पोती बांधली आणि दारापासून फाटकापर्यंत गेले, आले, पुन्हा गेले. हे दारात बसून चाकांकडं बघत होते. एकही ब्लॉक हलला नाही. भाऊजी गाडी लावून आले आणि म्हणाले, "दादा, आता म्हणू का?"

"म्हण."

"चालतंय."

रविवारी सकाळी हे माझ्या आधी उठले. तांब्याभर पाणी प्याले, घटाघटा, माझ्याकडं बघत. दाढी केली. ओट्यापासून वाटेपर्यंत भाऊजींनी उतार करून दिला होता. त्यावरून खुर्ची खाली घेतली आणि निघाले. मी मागून चार पावलं गेले तर मान न वळवता म्हणाले, "तू घरात जा. चहा टाक."

मी घरात गेले, पण खिडकीत उभी राहिले. चाकांखाली ब्लॉक एकसारखे टकटक करत होते. जिथं पडले होते ती जागा आली. हे तिथं थांबले. खाली बघितलं, खुर्ची जरा मागं घेतली आणि मुद्दाम पुन्हा त्याच जागेवरून नेली. मग सरळ फाटकाशी जाऊन बसले.

नऊच्या सुमारास लेकीची गाडी आली. टपावर सामान बांधायला दोर, मागच्या सीटवर उशा. पोरगी उतरली, फाटकाला हात लावणार तर कडी आतून ह्यांनीच काढली. ती जागच्या जागी उभी राहिली. इकडं बघते, तिकडं बघते. "बाबा, तुम्हाला इथं कुणी आणलं?"

"कुणी नाही."

ती वाटेकडं बघायला लागली. वाकून हात लावला, टाचेनं दाबून बघितलं, एकदा, दोनदा, मग जोरात. "ही पुन्हा केली? कुणी केली? मशीन आणलं का?"

मी तोवर चहा घेऊन बाहेर आले होते. भाऊजी मोटारसायकल पुसत होते. मला वाटलं हे आता सांगणार, रोलरवर तीस वर्षं काढली, आम्हाला काय मशीन. जन्मभर तेच ऐकत आले. पण हे म्हणाले, "तुझ्या आईनं केली. आठ किलोची धुम्मस घेऊन. माझे रस्तेही तिनंच केलेले. मी नुसता वरून गेलो."

ह्या वयात, फाटकात, लोकांसमोर. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

लेकीनं माझे हात हातात घेतले, फडकी सोडून तळवे बघितले. नंतर टपावरचे दोर सोडून तिनं गाडीत टाकले. टेम्पोवाल्यानं सवयीनं कुंपणापलीकडून हॉर्न वाजवला आणि डोकं वर काढलं. "काका, यायचं का उचलायला?"

"आजपासून तुझी सुट्टी," हे म्हणाले. तेवढ्यात तांब्याभर पाण्याचा परिणाम झाला असावा. ह्यांनी खुर्ची वळवली आणि संडासाकडं निघाले. लेक मागून धावणार, तर मी तिचा दंड धरला. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो, भाऊजी, टेम्पोवाला, लेक आणि मी, कुणी कुणाकडं न बघता. चाकं टकटक करत गेली. पत्र्याचं दार ओढलं गेलं, पूर्ण. आणि दोन वर्षांनी आतून कडी लागल्याचा आवाज आला.